शुक्रवारची खोली परत द्या : आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापन मंडळाला खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी असताना, दुसऱ्या मजल्याच्या जिन्याशी चार ओळींची सूचना लागली. जुन्या डार्करूमचा वापर अपुरा असल्याने ती खोली स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्राकडे देण्यात येत आहे, संबंधितांनी आपले साहित्य हलवावे. संबंधित म्हणजे मी आणि आमचा शुक्रवारचा गट, आकाशातल्या गॅमा किरणांच्या स्फोटांचा अभ्यास करणाऱ्या मुलांचा. आम्ही ती सूचना वाचली जूनमध्ये, कॉलेज उघडल्यावर. तोवर साहित्य हलवून झालं होतं.

त्यानंतर मी आपल्याला दोन पत्रं दिली. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्या नाशिककरांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण मला तिची बदनामी करायची नाही. माझं बीएस्सी इथलंच, पुढे ३१ वर्षं इथेच भौतिकशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही दर शुक्रवारी चार वाजता तो जिना चढत राहिले. मानधन कधी मागितलं नाही, मागणारही नाही.

त्या खोलीत काय चालायचं, हे मंडळातल्या बहुतेकांना ठाऊक नसावं. तुमच्यापैकी कोणी तिथे कधी आलं नाही, त्यामुळे तेच आधी सांगते.

भारताचा ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्याच्यावरचं सीझेडटीआय नावाचं उपकरण ६ ऑक्टोबरला सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी त्याने गॅमा किरणांचा, म्हणजे क्ष-किरणांहूनही जोरकस किरणांचा, एक स्फोट टिपला. त्याची माहिती तपासण्याचं काम पुण्याला, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत चालतं. ही बातमी वाचली तेव्हा मनात आलं, पुणे आपल्यापासून किती लांब? नाशिक रोडहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो. मग आमच्या पोरांना हे परकं का वाटावं? पुढच्या वर्षी आम्ही सुरुवात केली. चार जुने संगणक, भिंतीभर आकाशाचा नकाशा आणि एक वही.

गॅमा किरणांचे हे स्फोट पहिल्यांदा सापडले ते १९६७ साली, आणि तेही दुसरंच काही शोधताना. चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडण्यासाठी अमेरिकेने सोडलेल्या वेला उपग्रहांना ते दिसले. ही गोष्ट जगाला सांगितली गेली १९७३ मध्ये. पुढे १९९१ ते २००० या काळात अवकाशातल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅटसे उपकरणाने २७०४ स्फोट नोंदवले, आणि त्यात दोन जाती दिसल्या. साधारण दोन सेकंदांहून जास्त वेळ चालणारे लांब, आणि त्याहून कमी वेळात विझणारे आखूड. लांब स्फोटांचा ठावठिकाणा १९९७ पासून लागू लागला. आखूड मात्र हाती येईनात. क्षणात उगवायचे, क्षणात विझायचे, मागे राहणारी धगही अगदी मंद. बॅटसेला एखादा स्फोट कुठून आला ते कित्येक अंशांच्या चुकीनेच सांगता यायचं. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, यावरून अंदाज करा. स्फोट झाला हे कळायचं, कुठे झाला हे कळायचं नाही. आणि कुठे ते कळल्याशिवाय कशाचा झाला हे कसं कळणार?

आमचा गट नऊ वर्षं या ‘कुठे’च्याच मागे होता.

आता निर्णयामागे जी कारणं कानावर आली, त्यांच्याकडे येते.

बैठकीत कोणीतरी म्हणालं म्हणे, ‘गच्चीवर साधी दुर्बीण नाही, मग खोलीत बसून कसलं खगोलशास्त्र?’ कोण बोललं ते मला माहीत नाही, जाणून घ्यायचंही नाही. पण हा गैरसमज एकट्या त्यांचा नाही, पुष्कळ सुशिक्षित माणसांचा आहे, म्हणून यावर जरा थांबते.

गॅमा किरण जमिनीवर पोचतच नाहीत. हवा त्यांना वरच अडवते, आणि हे आपल्या जगण्याच्या दृष्टीने फार बरं आहे. त्यामुळे आपण गंगापूर धरणाच्या काठावर कितीही मोठी दुर्बीण उभी केली तरी तिला यातलं काही दिसणार नाही. उपकरण अवकाशातच हवं. तिथेही अडचण आहे. गॅमा किरणांना भिंग वळवू शकत नाही, नेहमीचा आरसाही परतवू शकत नाही. मग दिशा कळायची कशी?

२००४ च्या नोव्हेंबरात स्विफ्ट नावाची वेधशाळा अवकाशात गेली. स्विफ्ट म्हणजे पाकोळी. जुन्या वाड्यांच्या वळचणीतून सुसाट सुटते आणि हवेतच वळते, तीच. या वेधशाळेवर शिशाच्या पन्नास हजारांहून अधिक छोट्या चकत्यांची एक जाळी आहे. चकत्या मुद्दाम वेड्यावाकड्या अंतराने बसवलेल्या. खाली कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या बारीक तुकड्यांचा गालिचा, एकूण ३२,७६८ तुकडे. वरून किरण आले की जाळीची सावली त्या गालिच्यावर पडते. किरण ज्या दिशेने येतील, तशी सावली सरकते. सावलीवरून उलटं गणित मांडायचं की दिशा मिळते, चंद्राच्या रुंदीच्या दहाव्या भागापर्यंत नेमकी.

हे मी फळ्यावर दोनदा समजावलं. मुलं माना डोलवत होती, पण डोळ्यांत काही दिसत नव्हतं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. निफाड तालुक्यातली, रोज एसटीने ये-जा करणारी. म्हणाली, ‘मॅडम, हे आमच्या कांदाचाळीवानी झालं की. चाळीच्या पट्ट्यांतून ऊन येतं ना, खाली कांद्यावर त्याचे पट्टे पडतात. पट्टे कुठं सरकले ते बघून आई आतूनच सांगते किती वाजले. बाहेर डोकवावंच लागत नाही.’

सगळा वर्ग गप्प झाला, आणि मग सगळ्यांना एकदम समजलं. मी तेवढ्या वर्षांत जाळीच्या छायेचं याहून चांगलं उदाहरण ऐकलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी तिने पुठ्ठ्याला भोकं पाडून, मोबाइलचा टॉर्च फिरवून सगळ्यांना ते करून दाखवलं. सावली मोजायला आलेखाचा कागद, आणि हातात पट्टी. आपल्या ॲस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआयवरही अशीच एक जाळी आहे, टँटलम धातूची. गच्चीवरच्या दुर्बिणीने हे शिकवता आलं नसतं. ती मुलगी आणि ती कांदाचाळ खोलीत होती, म्हणून शिकवता आलं.

स्विफ्टने ९ मे २००५ रोजी काय केलं, तेही सांगायलाच हवं. त्या दिवशी एक स्फोट झाला, सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकाच टिकलेला. स्विफ्ट सुमारे मिनिटभरात तिकडे वळली आणि तिच्या क्ष-किरण दुर्बिणीने जेमतेम अकरा प्रकाशकण गोळा केले. अकरा! तेवढ्यावर जागा काही विकलांपर्यंत नेमकी झाली; विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. शेजारीच म्हाताऱ्या ताऱ्यांची एक लंबवर्तुळाकार दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, दिसली, जिथे नवे तारे जवळजवळ जन्मतच नाहीत. लांब स्फोट कोसळणाऱ्या तरण्या, अवजड ताऱ्यांचे असतात. हा स्फोट तसा नसणार, तर दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या अवजड ताऱ्यांचे उरलेले अतिघट्ट गाभे, एकमेकांवर आदळले असणार, या तर्काला पहिल्यांदा ठिकाणाचा आधार मिळाला. त्याच जुलैत हेटे-२ या उपग्रहाने पकडलेल्या दुसऱ्या आखूड स्फोटाची धग साध्या प्रकाशातही सापडली.

नकाशावर त्या अकरा कणांच्या जागी आमच्या मुलांनी मोहरीचे अकरा दाणे चिकटवले होते. तो नकाशा भिंतीवरून काढताना मधोमध फाटला. फाडणाऱ्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की यात काही जपण्यासारखं आहे.

‘अपुरा वापर’ हा सूचनेतला शब्द. आठवड्यातून एक दिवस, चार ते आठ. पटावर कधी नऊ मुलं, कधी चौदा. खोली बाकीचे दिवस बंद असायची हे खरं आहे. पण त्यासाठी खोली काढून घेण्याऐवजी वेळ वाटून देता आली असती. स्पर्धा परीक्षेच्या मुलांशी माझं काही वाकडं नाही. सुरगाणा-पेठहून आलेली पोरं नळाखाली तोंड धुऊन पहाटे अभ्यासाला बसतात, ती मी पाहिलेली आहेत. त्यांनाही जागा हवी. ती याच खोलीतून, आणि पूर्ण आठवड्याची, काढून घ्यायला हवी होती का, एवढाच माझा प्रश्न आहे. तो विचारायला आम्हाला बोलावलंच नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते वह्यांचं.

दर शुक्रवारची नोंद वहीत होत असे. फर्मी हा गॅमा किरण टिपणारा उपग्रह आणि स्विफ्ट यांच्या नोंदी जगातल्या कोणालाही फुकट मिळतात, त्यातून मुलं स्फोट निवडायची, आलेख काढायची, किती वेळ टिकला ते मोजायची. चुकाही लिहायच्या, असा नियम होता. एका पानावर लाल शाईत लिहिलेलं होतं, ‘चूक : वेळ आपली धरली, ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होती. साडेपाच तासांनी चुकलो. आलेख रद्द.’ खाली सही. दुसऱ्या पानावर, ‘हा स्फोट नव्हे, सूर्यावरचा भडका.’ अशा नऊ वह्या. मी शिपायाला विचारलं तेव्हा तो बिचारा ओशाळून म्हणाला, ‘मॅडम, रद्दीत गेल्या.’ मी रद्दीवाल्याकडे गेले. जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात दोन सापडल्या. सात गेल्या.

वह्या फेकणाऱ्याला आत काय होतं ते माहीत नसेल. पण मंडळाला माहीत असायला हवं होतं. त्या गेलेल्या वह्यांत १५ एप्रिल २०२० च्या स्फोटाची पानं होती. टाळेबंदीचे दिवस, मुलं आपापल्या गावी, आणि आपल्याकडे दुपारचे सव्वादोन वाजून गेलेले. गॅमा किरणांची ०.१४ सेकंदाची एक लाट मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ओडिसी यानावरून गेली. ६.६ मिनिटांनी तीच लाट विंड यानाला लागली. आणखी साडेचार सेकंदांनी पृथ्वीवरून गेली. सगळ्या यानांच्या घड्याळांतला हा फरक जुळवून शास्त्रज्ञांनी तिचं उगमस्थान एनजीसी २५३ या दीर्घिकेत नेऊन ठेवलं, सुमारे एक कोटी चौदा लाख प्रकाशवर्षांवर. आणि ते आखूड गॅमा स्फोटासारखं दिसत असलं तरी आदळणाऱ्या ताऱ्यांचं नव्हतं. प्रचंड चुंबकीय ताकदीच्या एका न्यूट्रॉन ताऱ्याने मारलेली उसळी होती ती. जागा कळली म्हणून हा फरक कळला.

कॉलेज उघडल्यावर आम्ही हे मैदानात करून पाहिलं. तीन बांबू रोवले, मंगळ, विंड आणि पृथ्वी. दोन मुलांनी लांब दोरी ताणून धरली आणि तशीच सरळ धरून मैदानावरून चालत गेली. दोरी पहिल्या बांबूला लागली की एकाने घड्याळ दाबायचं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं आणि नुसत्या वेळांवरून सांगायचं, दोरी कुठल्या बाजूने आली. पहिल्या दिवशी एकालाही सांगता आलं नाही. एका वेळेच्या फरकातून आकाशात एक अख्खं वर्तुळ मिळतं, जागा मिळत नाही. दुसरं वर्तुळ त्याला दोन ठिकाणी छेदतं. आकाशात चौथं यान असेल तर उत्तर एकाच ठिकाणी येतं. हे पुस्तकात चार ओळींत आहे. त्यांनी ते तीन शुक्रवार उन्हात चालून मिळवलं होतं.

‘यातून नोकरी काय लागणार?’ हेही कानावर आलं. गटातला एक जण आज सातपूरला यंत्रांच्या थरथरीच्या नोंदी वाचून बिघाड ओळखतो; गोंगाटातून खूण वेगळी काढायला तो याच खोलीत शिकला, असं तोच सांगतो. एक जण आश्रमशाळेत शिकवतो. कांदाचाळीवाली मुलगी पुण्यात एमएस्सी करते आहे. पण नोकऱ्या लागतात म्हणून खोली द्या, असा माझा युक्तिवाद नाही. महाविद्यालय या शब्दाला काही अर्थ असेल, तर ज्ञान जिथे तयार होतंय तिथवर मुलांचा हात पोचवणं हे त्याचं कामच आहे.

आणि ते ज्ञान आता आपल्या दाराशी आलेलं आहे. १७ ऑगस्ट २०१७ ला संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी, आपल्या वेळेनुसार, गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवजड वस्तू आदळताना अवकाशातच उठणारे तरंग, पृथ्वीवर आल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मीला आखूड गॅमा स्फोट दिसला. लहरींवरून आकाशाचा २८ चौरस अंशांचा तुकडा ठरला. पौर्णिमेचे सुमारे १४० चंद्र मावतील एवढा. सुमारे अकरा तासांनी चिलीतल्या एक मीटरच्या दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेत नवा ठिपका सापडला, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. आदळणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचं ठिकाण असं पहिल्यांदा हाती लागलं. त्या क्षणी स्विफ्ट पृथ्वीच्या आड होती. आपला ॲस्ट्रोसॅटही पृथ्वीच्या आड होता. म्हणूनच पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना एकेक उपग्रह ठेवून सगळ्या आकाशावर नजर ठेवणाऱ्या ‘दक्ष’ मोहिमेचा प्रस्ताव आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडला गेला आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला व्हायची आहे, तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. आपल्याच पुणे रस्त्यावर, नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही त्या २०१७ च्या स्फोटाचा पाठपुरावा केला होता. ही सगळी ठिकाणं एसटीने गाठता येतात. तिथे उद्या काम करायला मुलं कुठून येणार? गुरू सिंह राशीत आला की लाखो माणसं ज्या गावात गोदावरीवर लोटतात, त्या गावाला आकाशातल्या जागेचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

खोली दर शुक्रवारी दुपारी चार ते रात्री आठ गटाला मिळावी. बाकीचे सहा दिवस ती मार्गदर्शन केंद्राला खुशाल द्या, आमची तक्रार नाही. चार संगणकांपैकी दोन कार्यालयात आणि दोन गोदामात आहेत. चारही परत मिळावेत आणि त्यांना इंटरनेटची जोडणी असावी. विभागातल्या एका नियमित शिक्षकाकडे या गटाची जबाबदारी सोपवून ते तास त्यांच्या कार्यभारात धरावेत, कारण निवृत्त बाईच्या जिना चढण्यावर कुठलंही काम कायम चालू शकत नाही. राहिलेल्या सात वह्या इमारतीत कुठे शिल्लक असतील, तर त्या शोधून द्याव्यात. नसतील तर तसं लेखी कळवावं, मुलांना सांगायला. आणि यापुढे विद्यार्थ्यांची जागा काढताना त्यांना सुट्टीत नव्हे, सत्र चालू असताना विचारावं.

लेखी उत्तर १७ ऑगस्टपर्यंत मिळावं अशी विनंती आहे.

तोवर गट माझ्या घरी भरतो. गेल्या शुक्रवारी सात जण आले होते. नकाशा मागून कापडपट्टी लावून जोडला आहे. माझ्या हॉलची भिंत त्याला पुरत नाही, म्हणून तो जमिनीवर पसरून मुलं भोवती पालथी पडली होती. मोहरीचे अकरा दाणे होते, त्यातले चार निखळले आहेत. ते पुन्हा चिकटवायचं काम एका पहिल्या वर्षाच्या मुलाकडे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी,
नाशिक